खोडलेला साडू

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या आईला संपवत होते. शांतपणे, खुर्चीत मांडी घालून, तांबड्या पेन्सिलीने. आईला मरायला सात पानं लागणार होती, त्यातली चार तिला नुसती बोलायची होती, आणि या गृहस्थांनी तिला तिसऱ्या ओळीतच गार केलं. मग ते वडिलांकडे वळले. वडिलांचे डोळे पाणावले होते, ते त्यांनी एका फटक्यात कोरडे केले. धाकट्या बहिणीने भावाला मारलेली मिठी सोडवली. थोरल्या काकांनी पश्चात्ताप करायला नुकतं तोंड उघडलं होतं, ते तसंच बंद केलं. मी छापखान्याच्या मागच्या खोलीच्या दारात उभा राहून माझ्या सबंध घराण्याची कत्तल पाहत होतो, आणि आत जावं की पोलिसांना बोलवावं हे मला ठरवता येत नव्हतं.

घराणं अर्थातच कागदावरचं होतं. माझी पहिली कौटुंबिक कादंबरी. आयुष्यभर विनोदी लिहिलं, पण प्रकाशक म्हणाले, आता लोकांना रडायचंय, तेव्हा मी रडवायला घेतलं होतं. आणि हे गृहस्थ होते मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारे. वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार आहे की गेला, एवढंच त्यांनी बघायचं असतं. छापखान्यात त्यांना सगळे ‘शुद्धिपत्र’ म्हणत. पुस्तकाच्या शेवटी चुकांची यादी चिकटवलेली असते ना, तेच नाव. तोंडावरसुद्धा म्हणत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

“माझी आई का कापलीत?” मी विचारलं.

“तुमची होय? मला वाटलं, दुकानातून आणली.” त्यांनी मान वर केली नाही. “ही बाई चार पानं बोलते आणि एकदाही म्हणत नाही की उशी टोचतेय. माझी आई गेली तेव्हा शेवटचं काय म्हणाली सांगू? म्हणाली, दिवा बंद कर, फुकट जळतोय. संपलं.”

समासात त्यांनी जागोजागी एकच अक्षर लिहिलं होतं. ‘शी’. माझ्या दोनशे दहा पानांत ते मी पुढे मोजलं. एकशे चाळीस वेळा भरलं. ही त्यांची जुनी सवय. छापखान्यात त्याबद्दल एक किस्सा सांगत. एका कादंबरीत अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना वाटलं की ‘शी’ ही दुरुस्तीच आहे, आणि त्यांनी ती मजकुरात घातली. पुस्तकात छापून आलं: आई म्हणाली, “बाळा, मी फक्त तुझ्यासाठी जगले, शी.” एका समीक्षकाने लिहिलं की या एका अक्षरात मातृत्वाचा सारा शीण एकवटला आहे. ते वाचून शुद्धिपत्रांनी दोन दिवस जेवण टाकलं.

मी त्यांच्याशी भांडायला गेलो होतो. बसलो चहा प्यायला. पुढे दर आठवड्याला बसू लागलो. त्यांची किळस ऐकणं हा माझा छंद झाला.

“पुस्तकातल्या घरांना संडास नसतो, हे तुमच्या लक्षात आलंय?” ते विचारत. “सहा माणसं राहतात, सगळी एकमेकांवर जीव टाकतात, आणि सकाळी कुणी कुणाच्या नावाने दार वाजवत नाही. अहो, सहा माणसं आणि एक संडास असला की नातं म्हणजे काय ते कळतं. सिनेमात बघा. जेवायच्या टेबलावर सगळे हसतात. एक माणूस म्हणत नाही की कोपर सरकव. शी.”

“आणि साडू?” एकदा त्यांनी आवाज खाली आणला. “एकतीस वर्षांत मी अकराशे पुस्तकं तपासली. साडू किती आले? चार. त्यातले तीन लग्नात जेवून गेले, आणि चौथा मुळात मेहुणा होता, लेखकाला फरक ठाऊक नव्हता. आई आहे, भाऊ आहे, सासू तर किलोवर आहे. साडूसाठी कुणी रडलेलं तुम्ही वाचलंय?”

साडूवर एवढा जोर का, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. दोन बहिणी होत्या. त्यांचं एकमेकींवाचून पान हलत नसे, म्हणून लग्नानंतर त्यांनी एकच घर घेतलं आणि दोघे नवरे त्यात आणून ठेवले. सहा वर्षांपूर्वी शुद्धिपत्रांची बायको गेली, पुढच्याच वर्षी तिची बहीण. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोन म्हातारे उरले. ना रक्ताचं नातं, ना मैत्री. ज्यांच्यामुळे साडू झाले, त्या दोघीही नाहीत. मी एकदा म्हणालो, “मधला पूल वाहून गेला आणि दोन काठ राहिले.” ते म्हणाले, “शी.”

साडू बसखात्यातून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. अंगाने भरभक्कम, मनाने लोणी. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कौटुंबिक सिनेमा लागला की ते हात पुसायचा टॉवेल मांडीवर घेऊन बसत, आणि मध्यंतरापर्यंत तो पिळण्याजोगा करत. मग त्यातच नाक शिंकरत. आतल्या खोलीत, दाराच्या पलीकडे, शुद्धिपत्र तीच वाक्यं तांबड्या पेन्सिलीने खोडत असत.

“हा टॉवेल बघा,” माझ्यासमोर त्यांनी तो दोन बोटांनी उचलला. “यात दोन भावांची ताटातूट आहे, एका आईचं ऑपरेशन आहे आणि सर्दी आहे. मी याला हात पुसायचे?”

“तुम्ही दगड आहात, साडू,” बाहेरून आवाज आला. “अहो, पंचवीस वर्षांनी बापाला मुलगा भेटला. बघा तरी जरा.”

“साबणाला तुमचे केस चिकटलेत, ते तुम्ही बघा आधी.”

“टकल्याने माझे केस काढू नयेत.”

“आवाज कमी करा त्याचा.”

“तुमचा करतो.”

असं दिवसभर चाले. दोघांचे दात रात्री एकाच खिडकीत दोन पेल्यांत असत, आणि सकाळी दात बदलले गेल्याचा आरोप महिन्यातून एकदा तरी होई. मी एवढं खरं कुटुंब त्याआधी पाहिलं नव्हतं, हे मी मनातच ठेवलं, नाहीतर त्याच्याही बाजूला ‘शी’ पडलं असतं.

मग साडूंनी एका दुपारी असा एक सिनेमा पाहिला, ज्यात म्हातारा बाप शेवटी मुलाकडे राहायला जातो, दारात नातवंडं पळत येतात आणि सून त्याची पिशवी हातातून घेते. टॉवेल भिजला. तो तसाच हातात धरून साडूंनी दुसऱ्या गावी असलेल्या मुलाला फोन लावला. मुलगा पाच वर्षं ‘या की बाबा’ म्हणत होता, म्हणजे आपण म्हणतो तसं. आता त्याला माघार घेता येईना. शनिवार ठरला, सकाळची साडेआठची बस.

बुधवारी शुद्धिपत्र माझ्याकडे आले. एकतीस वर्षांत ते कुठल्याही लेखकाच्या घरी गेले नव्हते. बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली.

“एक वाक्य हवंय,” म्हणाले.

“कशासाठी?”

“साडू चाललेत. जाऊ नका म्हणायचंय. म्हणजे, म्हणायचंय असं नाही. पण वाक्य असावं.”

“मग म्हणा की, जाऊ नका.”

“ते चौसष्ट पुस्तकांत आहे. चौसष्टही वेळा मी खोडलंय. त्याच तोंडाने आता म्हणू?”

मी कागद घेतला. जन्मभर वाक्यांवर पोट भरणारा माणूस, मला काय अवघड? मी लिहिलं: ‘तुमच्याशिवाय घर खायला उठेल.’

“घर खात नाही,” म्हणून त्यांनी खोडलं.

‘तुमची सवय झाली आहे.’

“सवय तंबाखूची होते.”

‘दोघीही आपल्याला एकत्र ठेवून गेल्या.’

हे त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यावरही रेघ मारली, बाजूला ते अक्षर लिहिलं आणि म्हणाले, “बायकांना यात ओढायचं नाही.”

मी अकरा वाक्यं लिहिली. अकराही गेली. मी वैतागून म्हणालो, “खोडलेल्यातलं एखादं परत घ्या की. तुमच्याकडे त्याची खूण आहे ना?”

तशी खूण असते. बरोबर शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात ‘राहू द्या’ असं लिहायचं. खोडलेला शब्द पुन्हा उभा राहतो. आईच्या सात पानांसाठी मी पूर्वी तेवढे ठिपके मागून पाहिले होते.

“ती खूण मी कधी वापरलेली नाही,” ते छत्री उचलत म्हणाले. “मी चुकून खोडत नाही.”

शनिवारी सकाळी मी बसस्थानकावर गेलो. साडूंबरोबर दोन बॅगा आणि एक टॉवेल होता. शुद्धिपत्र आले नव्हते. त्यांना म्हणे कुठल्या तरी पुस्तकाची शेवटची पानं आजच द्यायची होती. मी बॅगा वर ठेवल्या. साडू खिडकीशी बसले, पण चेहरा फुगलेला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय व्हायचंय? तुमचे मित्र. जाता जातासुद्धा माझी चूक काढली.” त्यांनी टॉवेलाची घडी आपटली. “खाली टपालाच्या पेटीवर आमची दोघांची नावं आहेत ना कागदावर? काल मी माझ्या नावावर रेघ मारली. पत्रं उगाच तिथे पडायला नकोत. आज सकाळी बॅगा घेऊन उतरतो तर काय, माझ्या नावाखाली तांबडे ठिपके. ओळीने, मोजून मारलेले. आणि बाजूला लिहिलंय, राहू द्या.”

मी खिडकीजवळ सरकलो.

“राहू द्या, म्हणे. म्हणजे काय? की तुम्हाला साधी रेघ मारता येत नाही, राहू द्या, मी मारतो. पाच वर्षं हेच. भांडी घासायला घेतली, राहू द्या. चादर घडी घातली, राहू द्या. शेवटच्या दिवशी तरी माणसाने सोडावं की नाही?”

“अहो,” मी खिडकीच्या गजांना धरून म्हणालो, “ती छापखान्यातली खूण आहे. खोडलेला शब्द खोडू नका, आहे तिथे असू द्या, असा त्याचा अर्थ होतो. एकतीस वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदा वापरली.”

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. साडू माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. हा माणूस, ज्याने पडद्यावरच्या परक्या बापांसाठी टॉवेलच्या टॉवेल भिजवले, त्याच्या हातात टॉवेल कोरडा होता.

“मग तोंडाने म्हणायला काय धाड भरली होती?” ते म्हणाले.

खरं तर बारावं वाक्य तेच होतं, आणि मला ते बुधवारी सुचायला हवं होतं. सिनेमात या ठिकाणी बस थांबते. ही निघाली.

मी तिथून तिसऱ्या मजल्यावर गेलो. शुद्धिपत्र आतल्या खोलीत पुस्तक तपासत होते. बाहेरचा टीव्ही बंद होता. साडू काय म्हणाले ते मी शब्दशः सांगितलं.

“बरोबर बोलले,” ते म्हणाले, आणि पान उलटलं. त्या पानावर पेन्सिल टेकवून पुन्हा म्हणाले, “व्याकरणाने बघितलं तर त्यांचाही अर्थ निघतो. खूण सदोष आहे.”

पुढे मी कादंबरी दुरुस्त केली. आईची पानं दोनवर आणली, तिची उशी टोचवली, घराला संडास बांधला आणि सहा पानांवर एक साडू घातला. शुद्धिपत्रांकडून मुद्रितं तपासून परत आली तेव्हा आई शाबूत होती, संडास शाबूत होता. साडू सहाही पानांवर खोडला होता. समासात ‘शी’ नव्हतं. काहीच नव्हतं.

साडू परत आले नाहीत. मुलाकडचा टीव्ही मोठा आहे.