उरलेलं घुबड

वैशाखरे गावाकडच्या आमच्या शाळेत नुकत्याच डी.एड. झालेल्या एक बाई आल्या. चार भिंतींत त्यांचा जीव रमेना. वर्ग आंब्याखाली भरायचा आणि हजेरीला पोरं पाखरांचे आवाज काढायची. कुणी होला, कुणी कोतवाल. मी हेडमास्तर. ओरडायला गेलो तर म्हणाल्या, "सर, तुम्हीपण घ्या ना एक. घुबडच उरलंय!" मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

बाई तापानं अचानक गेल्या. शोकसभेत मी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. तेवढ्यात मागून होला घुमला, मग कोतवाल, मग अख्खा वर्ग. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले.

"सर, तुमचाच रायला," एक पोरगी म्हणाली.

सरपंचांच्या देखत मी घूऽऽ करून हजेरी लावली.