चिक्कीचे शेंगदाणे

उंब्रजचे एक व्यापारी शेंगदाण्याचा नमुना पांढऱ्या फडक्यात बांधून आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत स्वतः आणत. दाणे निवडलेले, गुलाबी. बुरशीच्या विषाचा अहवाल कायम निर्दोष. नमुना निवडून का आणता, म्हणून मी टोकलं की हसत, "आवं म्याडम, पावण्याच्या ताटात किडकं कोण वाढतंय?"

एकदा मीच त्यांच्या गोदामात गेले. निवडून बाजूला काढलेले काळपट, बुरसट दाणे बायका पोत्यात भरत होत्या. ते अंगणवाडीच्या चिक्कीसाठी जाणार होते.

"गुळात काय कळत न्हाई," ते सहज म्हणाले.

मी त्याच पोत्यातले दाणे पिशवीत भरू लागले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला आणि पिशवी ओढली.

"त्यो नमुना न्हाई, म्याडम. त्यो माल हाय!"