सिलिंडरला शिवलेलं कव्हर

माझा थोरला भाऊ जुन्या गाड्यांच्या सीटा शिवतो. शेड एकच, पण पुढच्या भागात माझं इंजिनाचं काम, तेल, ग्रीस आणि माझी बडबड. मागच्या भागात पडदा टाकून दादाचं शिलाई मशीन, चामड्याचे तुकडे आणि शांतता. माझं काम बॉनेटखाली झाकलं जातं. त्याचं दिसतं, आणि गाडीत शिरणारा प्रत्येक जण आधी त्यावरून हात फिरवतो. मला याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी उगाच शहाणपणाचा आव आणीन.

दादा कमी बोलतो. शिवण केसभर वाकडी गेली, तर गिऱ्हाइकाला पत्ता लागायच्या आत सगळी उसवून पुन्हा घालतो. वहिनी म्हणते, "यांचं माझ्याकडे लक्ष नसतं, पण माझ्या पर्सच्या शिवणीकडे असतं."

दातांचे डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांची साठ वर्षांची गाडी त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. प्रदर्शनात नेऊन बक्षिसं मिळवायची हौस, त्यामुळे गाडीतला स्क्रूसुद्धा जुना तोच हवा. पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन तडकायला आली होती. ती बदला म्हणून मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा "बघू हो" झालं. पण एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. जुनी गाडी म्हणजे चाकांवरची चूल: पेट्रोल, तेल, झिजलेल्या वायरी, लाकूड, सीटमधला कापूस. तेव्हा आग विझवायचा छोटा सिलिंडर गाडीत हवाच, आणि तोही डिकीत नको. डिकीतला सिलिंडर आणि घरी राहिलेला सिलिंडर सारखाच. मी तो चालकाच्या सीटच्या पुढच्या कडेला, खाली वाकलं की हाताला लागेल असा बसवला.

दुधी रंगाच्या चामड्याखाली तो लालभडक डबा बघून डॉक्टरांचं तोंड पडलं. "समोरच्या दातात भाजी अडकल्यासारखं दिसतंय हो," ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो. दादा हसला नाही. त्याने खिशातून टेप काढून सिलिंडरचं माप घेतलं.

आठवड्याने कव्हर तयार झालं. चामडं सीटचंच, तशीच दुहेरी शिवण, आणि पुढून बंद करायला पितळेची तीन बकलं. सिलिंडर त्यात असा नाहीसा झाला की, तिथे काही आहे हे मला माहीत असूनही शोधावं लागलं. डॉक्टर हरखून गेले. मीही म्हणालो, "वा दादा, सिलिंडरला सूट शिवलास की!" खरं तर त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, डॉक्टर, जरा काढून दाखवा. इतक्या वर्षांचा मेकॅनिक मी, आणि मला ते सुचलं नाही. प्रदर्शनातल्या परीक्षकांनी आतल्या सजावटीला पूर्ण गुण दिले. मग आणखी सहा जण आले, आम्हालाही तसंच हवं म्हणून. दादाने सहाही शिवून दिली.

दीड वर्षाने, सकाळी नऊच्या सुमाराला, चढावर डॉक्टरांच्या गाडीची नळी फुटली. बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंना बाहेर काढलं. सगळं बरोबर केलं. मग ते सिलिंडरसाठी खाली वाकले. सिलिंडर हातात येईपर्यंत बॉनेटचा रंग फुगून सुटायला लागला होता. अशा वेळी बॉनेट सताड उघडायचं नसतं, बोटभर फटीतून आत फवारा मारायचा असतो. पण तोवर डॉक्टर घाबरले होते. त्यांनी बॉनेट वर केलं, आत हवा शिरली आणि जाळ उसळून अंगावर आला. त्यांनी तोंड हातांनी झाकलं. तोंड वाचलं. हात वाचले नाहीत, आणि दातांच्या डॉक्टरकडे हातांशिवाय असतं काय?

जो तो म्हणाला, नळी. मीही म्हणालो, नळी. मी सांगितलं होतं, तीनदा सांगितलं होतं, हे मी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी वहिनी म्हणाली, "भावजी, पुरे आता. कळलं सगळ्यांना, तुमचे हात स्वच्छ आहेत."

तिसऱ्या दिवशी मी पडद्यामागे गेलो, तर त्याने खुर्चीच्या पायाला एक सिलिंडर बांधून त्यावर तसंच कव्हर चढवलं होतं. वहिनी घड्याळ धरून उभी. दादा खाली वाकला, बकलं सोडली, सिलिंडर काढला. सतरा सेकंद. मग घाम सुटल्यासारखे हात ओले करून बसला. सव्वीस. मग कव्हर काढून टाकलं आणि नुसता सिलिंडर उचलला. तीन.

"दादा," मी म्हणालो, "आग नळीने लागली. तुझ्या कव्हरने नाही."

"आग नळीने लागली रे. पण हात?"

मी चिडलो. "आता काय, गावभर सांगत सुटणार? डॉक्टरांनी तरी तुझं नाव घेतलंय का?"

"म्हणूनच त्यांच्याकडून ऐकायचंय," तो म्हणाला. "कव्हरने उशीर केला असेल, तर मी हे मशीन बंद करणार."

ही धमकी नव्हती. दादाला धमकी देता येत नाही. मला धडकी भरली. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करावंसंही वाटत नाही. चाळीस वर्षं ज्या स्टुलावर बसला, तिथून उठला तर तो माणूस बसणार कुठे?

आधी तो त्या सहा जणांकडे गेला आणि सहाही कव्हरं उतरवून आणली. एकाने वाद घातला, "अहो, किती छान दिसतंय!" दादाने त्याला चालकाच्या जागेवर बसवून म्हटलं, काढा बघू. दुसऱ्या बकलाशीच त्याचं बोट अडकलं. मग त्यानेच कव्हर उतरवून दिलं. डॉक्टरांकडे जायला मात्र दादाचं पाऊल उचलेना. तो मशीनवर बसायचा, पाय पेडलवर ठेवायचा आणि तसाच बसून राहायचा. तीन आठवडे असे गेले.

शेवटी एका दुपारी तो निघाला. मीही बरोबर गेलो, त्याला सावरायला आणि खरं सांगायचं तर वेळ पडलीच तर मध्ये तोंड घालायला.

डॉक्टर हॉस्पिटलमधून घरी आले होते. खिडकीजवळ खुर्चीत बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. बाई त्यांना चमच्याने चहा पाजत होत्या. आम्हाला बघून ते खुलले. "या या! बसा!" दादा बसला नाही.

"डॉक्टर, एक विचारायचंय. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. बकलं निघेनात म्हणून उशीर झाला ना?"

बाईंनी चमचा बशीत ठेवला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा, एकदा नाही म्हणा.

"छे हो," डॉक्टर म्हणाले. "बकलं निघत होती. मीच हळूहळू सोडत होतो."

"हळूहळू?"

"मी ओरडत होते," बाई म्हणाल्या. "ओढा, फाडा, काहीही करा म्हणून."

"ही ओरडत होती, खरंय. आणि जोर लावला असता तर एका हिसक्यात फाटून आलंही असतं. पण तुमचं काम इतकं सुंदर हो! ओरबाडायला जीवच होईना. एवढ्या वेळात काय होतंय, असं वाटलं." ते हसले. मनापासून कौतुकाने सांगत होते. "तुमचा काहीही दोष नाही. मनाला लावून घेऊ नका."

दादाने मान हलवली. काळजी घ्या म्हणाला. बाईंनी दिलेला चहा उभ्याउभ्याच संपवला आणि आम्ही निघालो.

जिना अर्धा उतरल्यावर तो पायरीवरच बसला. मी शेजारी बसलो. "ऐकलंस ना?" मी म्हणालो. "दोष नाही म्हणाले. स्पष्ट म्हणाले."

दादा आपल्या हातांकडे बघत होता. दहाही बोटं धडधाकट.

"वाईट शिवलं असतं ना रे," तो म्हणाला, "तर त्यांनी फाडलं असतं."