टोर्नेडोला किती मार्क?

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तराकडे दोन गोष्टी साठतात, शाली आणि किस्से. शाली देऊन बोहारणीकडून पातेलं तरी घेता येतं. किस्से बोहारीण घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय! आणि गेल्या उन्हाळ्यात घर शोधताना जेवढे साठले, तेवढे तीस वर्षांच्या नोकरीत साठले नव्हते.

आमचं सांगलीतलं घर नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. त्याआधीच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी शिरलं. चार दिवस शेजाऱ्यांच्या जिन्यात काढल्यावर आमची सुनंदा म्हणाली, "पुढच्या पावसात मी या घरात नाही. तुम्हाला यायचं तर या!" लग्नानंतर ती असं कधी बोलली नव्हती. मी खरंच घाबरलो. जूनच्या आत उंचावरच्या एखाद्या खेड्यात तयार घर शोधायचं ठरलं. सोबतीला शाळेतले दोघे मित्र आले. एक भूगोलाचे साळुंखे सर, दुसरे पीटीचे माने सर. माने सरांकडे गाडी होती आणि साळुंखे सरांकडे ज्ञान होतं.

*

साळुंखे सर हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या वादळांचे व्हिडिओ बघतात. ते म्हणाले, "उंचावर जायचं तर आधी टोर्नेडोचा विचार!" आणि त्यांनी तक्ताच आखला. बिबट्या, दरड, वीज, टोर्नेडो. प्रत्येकाला पंचवीस मार्क. ट्रायल म्हणून त्यांनी आमच्याच घराला मार्क दिले. शंभरपैकी शहाण्णव!

"सर, पुराचा कॉलम कुठाय?" मी विचारलं.

"पूर ओळखीचा आहे हो," सर म्हणाले. "ओळखीच्यांचे मार्क कापायचे नसतात!"

*

वाईजवळच्या एका गावात डेअरीच्या कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. सरांनी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. "आजोबा, असं काही तुमच्याकडे कधी झालंय का?"

व्हिडिओत एक गाय वाऱ्याबरोबर गरगरत आभाळात चालली होती. आजोबांनी तो तीनदा लावायला सांगितला. मोबाइल पार नाकाशी नेला.

"जर्सी हाय," ते म्हणाले. "आमची खिलार असती तर जाग्यावरनं हालली नसती!"

सरांनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते आम्हाला दाखवलं नाही.

*

मग साताऱ्याच्या वरच्या पठारावर गेलो. एजंट गॉगल लावून हजर. घर छान होतं. सुनंदाने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि तिचा पदर थेट फडताळावर जाऊन पडला.

"वारं लय हाय का हो इथं?" माने सरांनी विचारलं.

"वारं? अजिबात न्हाई, सर!"

एजंटच्या पाठीमागे पंधरा-वीस पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. साळुंखे सरांनी नुसतं बोट दाखवलं. एजंटने मागे वळून बघितलं. गडी जराही डगमगला नाही.

"त्या व्हय? त्या करंटवर फिरत्यात!"

*

महाबळेश्वरच्या बाजूला फार वेळ गेला नाही. सरांनी वाऱ्याचं विचारताच स्ट्रॉबेरीवाल्याने एका वाक्यात निकाल लावला. "आवं, चार महिनं पावसातनं वाट मिळंल तवा वारं यील न्हवं!"

*

एवढ्यात मे उजाडला. घर नाही म्हणून माझा जीव टांगणीला, आणि साळुंखे सरांचं नवीनच! "टोर्नेडो आल्यावर काय करायचं, याचा सराव आधी हवा." माने सरांचे मेहुणे लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पलूसला त्यांचा ऊस. त्यांना विचारलं, तर ते एकदम सावधान झाले.

"पोझिशन घ्यायची! सखल जागा बघायची आणि पालथं पडायचं!"

झालं. आम्ही तीन निवृत्त मास्तर भर दुपारी उसाच्या सरीत पालथे पडलो. हवालदार बांधावरून ओरडत होते, "मुंडी खाली! कमांड मिळाल्याशिवाय कुणी उठायचं न्हाई!" तेवढ्यात लाइट आली. त्यांची मोटर ऑटोवर. पाणी सरीतून सुसाट आलं आणि कमांड येईपर्यंत आम्ही पोटापर्यंत भिजलो!

सुनंदा बांधावर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "सांगलीत पाणी यायच्या आधी निदान भोंगा तरी फिरतो."

*

शेवटचं घर वाईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. दोन खोल्या, पुढे पडवी, वर पत्रा. मालक शिंदे आबा. आवडलं होतं सगळ्यांना. पण साळुंखे सरांची नजर वर गेली. गावातल्या प्रत्येक पत्र्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत मालकाचं नाव आणि आळी लिहिलेली!

"आबा, हे कशाला?"

आबा चाचरले. "ते... पोस्टमनसाठी."

"पोस्टमन वरनं येतो काय?" माने सर म्हणाले.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून एक म्हातारी आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाकलेला पत्रा. तिने तो पडवीत उतरवला आणि धाप टाकत म्हणाली, "आबा, वळवात उडाल्याला तुजा पत्रा. आमच्या चिंचंत अडकल्याला. नाव बगितलं न् आणला. माजा एक हिकडं आलाय का रं?"

"आलाय की, मावशे. धुऊन ठेवलाय."

साळुंखे सरांनी टोर्नेडोच्या कॉलममध्ये भलंमोठं शून्य काढलं आणि पेनाला टोपण लावलं. "चला!" माने सर गाडीकडे वळले. मी मान खाली घातली. जूनला आठ दिवस होते, आणि सांगलीला परत जाताना सुनंदाला काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

सुनंदा जागची हलली नाही. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून म्हातारीला दिली. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत शेजारी बसली. त्या पत्र्यावरच्या पांढऱ्या अक्षरांवरून एकदा हात फिरवला.

मग आबांकडे वळून म्हणाली, "आबा, आमचं नाव जरा लांब आहे. एका पत्र्यावर मावेल का?"