मंजूषा धुराडेवाली

मंजूषाबद्दल चांगलं सांगायचं तर आधी माझ्याबद्दल वाईट सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. मी संशयी बाई आहे. दुकानातलं बिल दारातच उभी राहून दोनदा वाचते. डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी गुगल करते. आणि कुणी ‘आपल्यातलीच आहे हो’ म्हणून माणूस सुचवला, की माझा हात आधी पर्सवर जातो.

तिला पहिल्यांदा पाहिलं ते इथं नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये, लीलावतीच्या घरी हळदीकुंकवाला. छान नारायणपेठ नेसली होती, पण वाण घ्यायला हात पुढे केले तर नखांच्या कडांना काळं! मी लीलावतीला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, “अगं शलाका, ती मंजूषा. धुराडी साफ करते, लाकडाच्या शेगड्या बसवते. आल्मेरेला राहते.”

“म्हणजे माणसं पाठवते?”

“छे! स्वतः चढते छपरावर.”

मला हसू आवरेना. कराडची मुलगी, बी.एस्सी. केमिस्ट्री, नवरा प्रतीक बँकेच्या आयटीत, आणि ही बाई डच लोकांच्या छपरांवर! बारा वर्षांपूर्वी डिपेंडंट व्हिसावर आली, चार वर्षं घरात बसून कंटाळली. एकदा शेजारी एक म्हातारा धुराडं साफ करायला आला, तर ही त्याला कॉफी घेऊन गेली आणि शिडी धरून उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात त्याला फोन करून म्हणाली, परत धरू का? दोन वर्षं नुसती शिडीच धरली म्हणे. मग परीक्षा दिली, व्हॅन घेतली. सासूबाई कराडात सांगतात, सून हीटिंगमध्ये कन्सल्टंट आहे.

ही माहिती मला तिनंच दिली, हसत हसत. मला मात्र वाटलं, जी बाई स्वतःची इतकी गोष्ट सांगते तिला काहीतरी विकायचं असणार.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात मला तिची गरज पडली. माझी आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली होती. वय एकोणऐंशी, अंगावर दोन स्वेटर, तरी दात वाजायचे. आमचा सुबोध थर्मोस्टॅट एकोणीसच्या वर जाऊ देईल तर शपथ! शेवटी त्यालाच जावयाचं प्रेम आलं. कुणाची तरी वापरलेली बिडाची शेगडी मिळवली, दोन मित्रांना घेऊन ती दिवाणखान्यातल्या जुन्या फायरप्लेसमध्ये ठेवली, तिची हातभर नळी वरच्या विटांच्या धुराड्यात खुपसली आणि हात झटकून म्हणाला, “झालं की!” पण विमा कंपनी म्हणाली, जाणकाराकडून बसवून घ्या. डच माणसं दोन महिन्यांनंतरची तारीख देत होती. म्हणून मंजूषा.

ती आली, धुराड्यात कॅमेरा सोडला आणि अर्धा तास त्याच्या पडद्यावर बघत राहिली. मग म्हणाली, “शलाकाताई, घर नव्वद वर्षांचं आहे. विटांमधला चुना ठिकठिकाणी गळलाय. शिवाय वरच्या मजल्यावर पूर्वी आणखी एक फायरप्लेस असणार. तिथं विटा वेगळ्या दिसतात. ते तोंड नीट बुजवलंय की नुसता वॉलपेपर चिकटवलाय, मला सांगता येत नाही. आतून थेट छपरापर्यंत स्टीलची अखंड नळी घालावी लागेल. ती यायला तीन आठवडे. तोपर्यंत काडीसुद्धा पेटवायची नाही.”

“वर कुणाची खोली आहे?” तिनंच पुढं विचारलं.

“आईची.”

“मग तर नाहीच. आणि कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म लावा. एक इथं, एक काकूंच्या खोलीत.”

झालं! मला वाटलंच होतं. आधी घाबरवायचं, मग अखंड नळी गळ्यात मारायची, वर दोन-दोन अलार्म. आपलं माणूस म्हटल्यावर थोडं सांभाळून घ्यावं, तर ही आणखी काम काढते. मी एकच अलार्म घेतला आणि शहाणपणानं शेगडीच्या शेजारी लावला. धूर शेगडीतून निघणार, मग अलार्म दुसरीकडे कशाला?

आठवडाभर मी दम धरला. मग एका दुपारी आई पांघरुणातून म्हणाली, “शले, हाडं गोठली गं.” सुबोध ऑफिसला गेला होता. मी चार लाकडं रचली आणि काडी लावली.

काय सुरेख पेटली! सगळा धूर सुळकन वर. खोलीत वास नाही, अलार्म गप्प. मी मनात म्हटलं, बघ बाई मंजूषा, तुझी नळी ठेव तुझ्याकडे. आई शेगडीपाशी तास-दीड तास बसायची, गालांवर रंग यायचा, मग वर जाऊन ऊबदार पांघरुणात झोपायची. वारा बाधतो म्हणून खिडकी घट्ट बंद. सुबोध घरी असतो ते शनिवार-रविवार सोडले तर रोजचंच झालं. सुबोधला मी सांगितलं नाही. संध्याकाळी तो यायच्या आत राख भरून टाकायचे.

चौथ्या दिवशी आईचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ, मग एकदा उलटी. “पित्त झालंय तुला,” मी म्हटलं. जागरण, परदेशातलं पाणी, अवेळी जेवण, दुसरं काय असणार? आमच्या घरात डोकं आणि मळमळ एकत्र आलं की पित्तच. आमसुलाचं सार केलं, आल्याचा रस दिला, मोरावळा दिला. हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला नाही, कारण ते पॅरासिटमॉल घ्या म्हणणार हे मला ठाऊक होतं. सकाळी फिरून आली की आईला बरं वाटायचं, दुपारी झोपून उठली की पुन्हा डोकं धरून बसायची.

तीन आठवडे झाले आणि मंगळवारी ठरल्यापेक्षा दोन तास आधीच मंजूषा दारात हजर. खांद्यावर नळीचं मोठं वेटोळं. मी तासाभरापूर्वीच विस्तव विझवला होता.

ती शेगडीपाशी वाकली, तळहात टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. “पेटवलीत?”

“नाही हो!” मी म्हटलं. हाताला चटका बसावा इतकी शेगडी गरम, आणि मी म्हणतेय नाही!

“घरात कोण आहे?”

“आई वर झोपलीय. तिला जरा पित्त—”

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. बुटांसकट जिना चढली. मला आधी राग आला, घरात बूट! मग वर तिच्या खिशातलं विषारी वायू ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं आणि मी जिन्याकडे धावले.

मी वर पोचेपर्यंत तिनं दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या. आई हाकेला ओ देत नव्हती, नुसती कण्हत होती. “शलाकाताई, ११२ लावा! आत्ता!” म्हणत तिनं आईला पाठीवर घेतलं आणि तो आमचा उभा, अरुंद जिना खांद्यानं भिंत घासत एकेक पायरी उतरली. मागच्या अंगणात ओल्या गवतावर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी फोनवर पत्तासुद्धा धड सांगू शकले नाही. तोही तिनंच सांगितला.

रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, शेगडी किती दिवस पेटत होती? मंजूषा आईचे तळपाय चोळत राहिली. मी पेटवलीय हे तिला माहीत होतं, पण माझं खोटं तिनं उघडं केलं नाही. मीच म्हटलं, “अकरा दिवस.” इतकं लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

आई वाचली. ऑक्सिजनवर दोन दिवस राहून घरी आली. आईच्या कपाटामागचा वॉलपेपर मंजूषानं कापला, तर मागे विटाच नव्हत्या. फाटका पुठ्ठा आणि काजळी. ती मला एका शब्दानं टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भोक विटांनी बुजवून घेतलं, नळी थेट छपरापर्यंत चढवली, धूर सोडून दोन्ही मजले तपासले, दोन अलार्म लावले. आईला तोपर्यंत दिवाणखान्यात पलंग टाकला होता.

काम संपल्यावर मंजूषानं पहिला विस्तव केला. मी चहा आणला, आईच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हटलं, “आई, आता अगदी सुरक्षित आहे हं. आज वरच्या तुझ्या खोलीत झोप.”

आईनं ऐकलं. मग माझ्यावरून नजर काढून ती काळ्या नखांच्या मंजूषाकडे वळली आणि हळूच म्हणाली, “पोरी, तू सांग. झोपू का मी वर?”