साडूंचा बुटका खांब

जगात वायरमन पुष्कळ असतील, पण दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दुसऱ्याला खांबावर चढायला शिकवणारा वायरमन अख्ख्या भोर तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा नवरा. तेव्हा पंगतीत पहिलं पान त्यांचं आणि ते बोलत असताना डोलणाऱ्या माना आमच्या, हे ओघानंच आलं. वेल्ह्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. समोर तोरणा. शहरातली माणसं धापा टाकत गडावर जातात आणि उतरून माझ्याकडे गुडघ्याचा मलम मागतात. साडू भोरहून आले की दुकानाच्या बाकड्यावर बसून, बशीत चहा ओतून, गडाकडे एखाद्या परीक्षकासारखे बघत. "पाव्हणं, गड खालनंच बघावा. वर गेल्यावर गड दिसतोय कुठं?" हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की पुढे पुढे मलाही ते शहाणपणाचं वाटायला लागलं. खरी गोष्ट एवढीच होती, की साडूंना उंचीची भीती वाटे. ती साधीसुधी नव्हे. घरातला बल्ब गेला तर स्टुलावर अक्का चढत, आणि साडू खाली उभे राहून अक्कांच्या कमरेला बांधलेला दोर खिडकीच्या गजातून ओढून धरत. बल्ब बदलायला पाव मिनिट लागे, दोर बांधायला अर्धा तास. एकदा शेजारीण साखर मागायला आली ती हा प्रकार बघून तशीच परत गेली, आणि अक्कांना नवरा बांधून ठेवतो अशी बातमी आळीभर झाली.

हे साडू एके काळी विजेच्या खात्यात खरोखरचे, चढणारे वायरमन होते यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नसे. पण होते. हिर्डोशीच्या बाजूला एकदा तार तुटली. साडू आणि त्यांचा जोडीदार गेले. "दोन मिन्टाचं काम हाय, पट्टा कशाला?" असं म्हणून जोडीदार तसाच वर चढला आणि साडूंच्या डोळ्यांदेखत खाली आला. जीव वाचला, कंबर गेली. तेव्हापासून तो आंबवड्याला घरी खाटेवर असतो. साडू त्याच्या उशाशी जाऊन बसत, पानाचा डबा मध्ये ठेवून दोघं पावसापाण्याचं बोलत, खांबाचं नाव कुणी काढत नसे. त्या दिवसानंतर साडूंचे पाय खांबावर चढेनात. चढणं सोडाच, खांबाच्या टोकाकडे बघायचं म्हटलं तरी त्यांना गरगरे. खात्यातल्या लोकांनी चेष्टा करकरून त्यांना नोकरी सोडायला लावली, आणि साडू भोरमधल्या एका संस्थेच्या तंत्रवर्गात मास्तर झाले. चढता न येणारा माणूस चढायला शिकवणार, यात संस्थेच्या अध्यक्षांना काही वावगं दिसलं नाही. ते स्वतः जेमतेम सही करण्यापुरतं शिकून शिक्षणसंस्था चालवत होते. शिक्षणाशी त्यांचा संबंध तेवढाच.

वर्गात येणारे गडी डोंगरातल्या गावांचे. परीक्षेचा दाखला नसेल तर त्यांना मिळणार होतं ते झीरो वायरमनचं काम. म्हणजे पगार घेणारा वायरमन खाली सावलीत उभा राहणार आणि त्याच्या बदली हा गावातला माणूस वर जाणार. त्याला ना नोकरी, ना पट्टा, ना पडल्यावर कुणी विचारणारं. साडू वर्गात पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. "माझ्या हाताखालचा एकबी माणूस खांबावरनं पडता कामा न्हाई. बाकी तुमी नापास झाला तरी चालंल." पण खांबावर चढवल्याशिवाय चढणं शिकवायचं कसं? पहिल्याच तुकडीला खऱ्या खांबाशी नेलं तेव्हा गडी वर गेले आणि साडू खाली मटकन बसले. तिथून त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं, ज्याला ते मोठ्या अभिमानानं 'खरं-खोटं मिक्सिंग' म्हणत.

हे मिक्सिंग त्यांनी उचललं मुनीरभाईंकडून. मुनीरभाई भोरच्या चौकात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करत, आणि नवरानवरीला बसल्या जागी काश्मीरच्या बर्फात उभं करत. साडू म्हणाले, नवरीला बर्फात नेता येतं तर माझ्या गड्याला खांबाच्या टोकावर का नेता येऊ नये? हिर्डोशीजवळच्या एका खांबावर, लाइन बंद करून, दोन पट्टे आणि तीन दोर बांधून त्यांनी मुनीरभाईंना कॅमेऱ्यासकट वर पाठवलं आणि खाली स्वतः पाठ करून उभे राहिले. मुनीरभाईंनी वरून खालचं सगळं टिपलं. भातखाचरं, बांध, मुंगीएवढे साडू. मागून मुनीरभाईंचाच आवाज, "या अल्ला, गुर्जी, आता उतरवा मला, पोरंबाळं हायेत!" हातचं काही राखून ठेवायची सवय नसल्यामुळे त्यांनी टेपच्या सुरुवातीला सनई घातली आणि सगळ्या खोऱ्याला बदामाची गुलाबी चौकट लावून दिली.

मग वर्गाच्या अंगणात साडूंनी पुरुषभर उंचीचा बुटका खांब रोवला. खांब खरा, त्यावरची तार खरी, पट्टा, हातमोजे, पक्कड सगळं खरं. खोटी फक्त उंची. खांबाच्या बुडाशी लाकडी खोक्यात टीव्ही उताणा निजवलेला, वर जाड काच. गडी पट्टा लावून लोंबकळला की खाली बघताना त्याला गुलाबी बदामातलं खोरं दिसे. वाऱ्यासाठी टेबलफॅन. पावसासाठी अक्का, हातात लग्नातली गुलाबदाणी. विजेच्या शिक्षणात चालू टीव्हीशेजारी पाणी शिंपडणारा हा एकमेव वर्ग असावा. मी म्हटलं, "साडू, पडून मरायचा तो शॉक लागून मरेल." ते शांतपणे म्हणाले, "म्हनून तर काच लावली." गंमत म्हणजे गड्यांना खरोखर घेरी येई. गुडघ्याएवढ्या अंतरावरून खाली बघून हिर्डोशीचा किसन, जो रोज खऱ्या कड्यांवर गुरं वळायचा, दोन वेळा ओकला. त्या दिवशी साडूंनी आम्हाला जिलबी खाऊ घातली.

टेपमध्ये एक बाई होत्या. गवताचा भारा डोक्यावर घेऊन त्या डाव्या कोपऱ्यातून येत, बांधावर मध्यभागी थांबत, वर मुनीरभाईंच्या बोंबा ऐकून मान वर करून बघत, आणि निघून जात. साडूंनी त्यांनाही कामाला लावलं. पट्टा लावला की थांबायचं. मावशी बांधावरून जाईपर्यंत बकल बघायचं, दोर ओढून बघायचा, हातमोजे बघायचे. मावशी पलीकडे गेल्या, की मगच पक्कड काढायची. महिनोन् महिने, अक्कांच्या पावसात आणि फॅनच्या वाऱ्यात, गडी हेच करत राहिले. आपण काय शिकवतोय याचा साडूंना पत्ता होता, गडी काय शिकतायत याचा नव्हता.

परीक्षेला पुण्याहून साहेब आले. गडी नापास झाले तर वर्गाची मान्यता जाणार, आणि हे सगळे दुसऱ्या दिवसापासून पट्ट्याशिवाय कुणाच्या तरी बदली वर चढणार, हे साडूंनी मला आदल्या आठवड्यात चारदा सांगितलं होतं. मला त्यांनी प्रथमोपचाराची पेटी घेऊन बोलावलं होतं, कारण स्वतःच्या पद्धतीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. गावाबाहेरच्या खऱ्या, उंच खांबावर पहिला किसन गेला. माकडासारखा सरसर गेला, पट्टा लावला, आणि थांबला. खाली बघत बसून राहिला. साहेबांनी थोडी वाट पाहिली.

"काय झालं? भीती वाटते का?"

"न्हाई, साहेब. मावशी जायाच्यात अजून."

"कोण मावशी?"

खाली ओळीत उभ्या गड्यांनी एकमुखानं खुलासा केला, "भारेवाल्या मावशी, साहेब. त्या गेल्याबिगर पक्कड काढायची न्हाई. गुर्जींनी सांगितलंय." साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी आभाळाकडे पाहिलं. साडूंनी खालून ओरडून सांगितलं, "आरं किसना, काढ पक्कड!" पण गड्याला शिस्त लागली होती. मावशी आल्याशिवाय तो हलेना. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

मला हसू आवरेना. साडू शेजारच्या गोठ्याकडे धावले, गवताची पेंढी उचलून डोक्यावर घेतली, वर टॉवेलाचा पदर घेतला, आणि पँटबुशशर्टात, मावशींच्या चालीनं, खांबाखालून निघाले. मध्यभागी थांबले. टेपमधली बाई वर बघायची. साडूंनी कित्येक वर्षं कुठल्याही खांबाच्या टोकाकडे पाहिलं नव्हतं. पेंढीतलं गवत गळत होतं. त्यांनी मान वर केली आणि किसनकडे पाहिलं. मग पलीकडे गेले आणि शेणाच्या ढिगाशेजारी बसले. वरून आवाज आला, "मावशी गेल्या!" आणि किसननं असं काम केलं की साहेब बघत राहिले. सगळे पास झाले. प्रत्येकासाठी साडू एकदा भारा घेऊन गेले. निघताना साहेब म्हणाले, "मास्तर, ती टेप तेवढी बदला." साडूंनी ती कधीच बदलली नाही.

पुढे संस्थेला कॉम्प्युटरच्या वर्गात जास्त गोडी वाटली आणि साडूंचा वर्ग बंद झाला. बुटका खांब भंगारात गेला. साडू पुण्याला मुलाकडे राहायला गेले, आणि मुलानं नेमकी सातव्या मजल्यावर जागा घेतली. "हवा लई गार लागती हितं" असं सांगून ते गॅलरीकडे पाठ करून बसत. कपडे वाळत घालायला अक्का.

मध्यंतरी एका सोयऱ्याला भेटायला हिर्डोशीला गेलो होतो. वाऱ्यानं लाइन तुटली होती आणि खांबावर किसन होता. पगारावर लागलेला, पोट सुटलेला. त्यानं पट्टा लावला आणि थांबून खालच्या बांधाकडे बघत राहिला. बांधावर चिटपाखरू नव्हतं. खालून लोक ओरडत होते, "आरं, जोड की बिगीनं!" त्यानं बकल सोडलं, पुन्हा लावलं, ओढून बघितलं, मग पक्कड काढली. उतरल्यावर मी विचारलं, "काय, मावशी गेल्या का?" तो हसला. "दिसल्या न्हाईत. पन थांबलो म्हनून घावलं, बकल नीट बसलंच नव्हतं."

मोबाईलला रेंज मिळेपर्यंत मी वरच्या अंगाला चालत गेलो आणि साडूंना फोन लावला. त्यांच्याच ढंगात, मीठमसाला लावून सगळं सांगितलं. साडूंनी एवढंच विचारलं.

"पट्टा ओढून बघितला त्यानं?"

"बघितला."

"बरं," साडू म्हणाले. "आंबवड्याला माझ्या जोडीदाराला जाऊन सांगाल का तेवढं?" आणि फोन अक्कांच्या हातात गेला. मी त्यांना ख्यालीखुशाली विचारत होतो, पण अक्कांचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही काय सांगितलंत हो यांना?" त्या हळूच म्हणाल्या. "हे गॅलरीत जाऊन उभे राहिलेत. कठडा धरून खाली बघतायत."