मॅडमच्या हातावरचा कांदा

माझ्या मुलीच्या चिअरलीडिंगच्या मॅडमइतकी न झाकता येणारी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. तिचा आवाज झाकता येत नसे, हसणं झाकता येत नसे, राग तर नाहीच नाही. आणि दोन्ही हातांवर तिने जे काही गोंदवून घेतलं होतं ते झाका म्हणणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची, की त्याने आपलंच तोंड झाकून घरी जावं. वयाने ती माझ्यापेक्षा बरीच लहान. तोंडावर मी तिला 'मॅडम, तुम्ही' म्हणायची आणि मनातल्या मनात 'अगं'. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून 'काकू' म्हणाली. तेव्हा मी काकू दिसत नव्हते, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडवर माझ्या मुलीच्या, सईच्या, ज्युनिअर कॉलेजात चिअरलीडिंगचा संघ निघाला, तेव्हा क्रिकेटमध्ये चौकार बसला की गोंडे हलवत नाचतात तोच हा प्रकार, अशी आम्हा पालकांची समजूत होती. पहिल्याच सभेत एका गृहस्थांनी ती बोलूनही दाखवली. मॅडमने त्यांना पुढे बोलावलं, पाय फाकवून ताठ उभं केलं आणि माझ्या सईला टुणकन त्यांच्या खांद्यांवर चढवलं. "हं, आता नाचा," ती म्हणाली. गृहस्थ श्वास घ्यायचेही थांबले. मग सईला तशीच वर ठेवून तिने आम्हाला सगळं सावकाश समजावलं: खालच्या मुलींनी वरची उचलायची, हवेत फेकायची, वरचीने गिरकी घ्यायची, खालच्यांनी झेलायची, आणि हे सगळं होताना एकीच्याही चेहऱ्यावर कष्ट दिसता कामा नयेत. "म्हणजे दहीहंडीच की!" मागून कोणीतरी म्हणालं. "हो," मॅडम म्हणाली, "फक्त हंडी नाही आणि पडून चालत नाही."

पोक काढून उभा राहिलेला माणूस तिला बघवत नसे. भाजीवाल्याला ती आधी खांदे मागे घ्यायला लावायची आणि मग मेथीचा भाव विचारायची. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेली, तर नवरदेवाच्या पाठीत गुडघा लावून दोन्ही हातांनी त्याचे खांदे सरळ करून आली. त्या अल्बमातला तेवढा एकच फोटो असा आहे की ज्यात नवरदेव रुबाबदार दिसतो. माणसांची पारख करायची तिची रीतही तिची स्वतःची होती. मुलींना फेकायच्या आधी घरच्यांनी पडून बघितलं पाहिजे, असा तिचा हट्ट. म्हणून एका रविवारी तिने सगळ्या आईबापांना मैदानावर पाठमोरं उभं केलं आणि डोळे मिटून मागे पडायला लावलं. आमचे हे विमा कंपनीत नोकरीला, त्यांचा लिफ्टवरसुद्धा विश्वास नाही. ते पडले. मुलींनी झेललं. उठून पँट झटकली आणि म्हणाले, "परत एकदा पडू का?" एवढा आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

आता हातांकडे येते. उजव्या मनगटाभोवती पैठणीचा काठ होता, येवल्याला तिच्या मावशीच्या मागावर असतो अगदी तसा. मी तो कित्येक दिवस बांगडीच समजत होते. त्याच हातावर वर, दंडाला, उडी मारणारी मुलगी काढायची होती, पण काढणारा पोरगा नवशिका निघाला आणि मुलीचा बेडूक झाला. तिने तो पुसला नाही की त्यावर दुसरं काही काढून घेतलं नाही. "जमलं नाही त्याला, काय करणार? उडी तर मारतोय ना!" म्हणायची. आणि डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, पातीसकट एक भलाथोरला कांदा. बघणाऱ्याला तो हमखास कमळ वाटे. देवभोळी माणसं हात जोडत, राजकारणातली माणसं पक्ष विचारत, आणि ती दोघांनाही तेवढ्याच ठसक्यात सांगे, "कांदा आहे. विंचूरचा." तिचे वडील विंचूरकडचे कांद्याचे शेतकरी. लेकीने हातावर काहीतरी काढून घेतलंय म्हटल्यावर ते संतापून नाशिकला आले होते. त्यांनी तो हात धरला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "लाल हाय का उन्हाळी?" ती म्हणाली, "उन्हाळी, अण्णा. टिकणारा." त्यावर अण्णा चहा पिऊन परत गेले.

पण संस्थेचे सचिव काही अण्णा नव्हते. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कॉलेजची एक प्रतिमा असते, शिक्षकाकडे बघून मुलं घडतात, तेव्हा उद्यापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येत जा. हे सगळं तिने मला नंतर त्यांच्या आवाजात करून दाखवलं. "मी म्हटलं, सर, माझ्याकडे बघून मुलींनी काय शिकायचं? हात धरला की सोडायचा नाही, एवढंच ना? मग ते हात दिसू देत की." शर्ट तिने घातला नाही. एप्रिलच्या उन्हात, बिनबाह्यांच्या बनियनवर, ती सचिवांच्या खिडकीसमोरूनच मुलींना पळवत राहिली. संघ चांगला होत होता म्हणून सचिव गप्प बसले.

मग राज्य पातळीची स्पर्धा आली. ती नाशिकलाच होती, आणि तिच्या नियमांत एक नियम असा होता की खेळाडूच्या अंगावर टॅटू दिसला तर संघाचे गुण कापले जातील. आमच्या संघात टॅटू एकीच्याच अंगावर होता, वैशालीच्या. वैशाली मखमलाबादकडची, घरची गुलाबाची शेती, पहाटे बापाबरोबर फुलं बाजारात पोचवून मग कॉलेजला येणारी. खांद्याने दणकट, बोलायला अगदी कमी. सईला उचलणाऱ्यांत मुख्य तीच. तिच्या हातावर आतल्या बाजूला हिरव्या शाईत तिचं स्वतःचंच नाव आणि खाली गावाचं नाव होतं. ती लहान असताना सिंहस्थाच्या गर्दीत हरवू नये म्हणून बापाने जत्रेतल्या मशीनवाल्याकडून काढून घेतलेलं.

इथे मला वाटलं की मॅडम आता युद्ध पुकारणार. पण तिने तसं काही केलं नाही. स्वतःच्या हातांसाठी सचिवांशी भांडणारी ही बाई गुपचूप बाजारात गेली आणि त्वचेच्या रंगाचं मलम घेऊन आली. "माझा हट्ट माझ्यापुरता, काकू," ती मला म्हणाली. "पोरींचं पदक त्याच्यापायी नको जायला." मैदानावर बसून तिने स्वतः, बोटाने, हळूहळू वैशालीचं नाव पुसत आणलं. वैशाली दुसरीकडे बघत होती.

त्या दिवशी सईला न्यायला मी लवकर गेले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सई वर चढताना तिने आणि वैशालीने एकमेकींचे हात कोपराखाली घट्ट धरायचे, आणि त्या आधारावर सईने तिच्या खांद्यावर जायचं, असा डाव होता. सईने हात धरला. घामाने मलम ओलं झालं होतं. तिची बोटं साबणावरून निसटावीत तशी निसटली आणि माझी मुलगी पाठीवर, डोक्याच्या बाजूने खाली आली. मॅडम कुठून आली कळलं नाही. ती सईच्या खाली होती आणि सई तिच्या अंगावर. सईला खरचटलंही नाही. मॅडमचा ओठ फाटला होता.

ती उठली, रक्त मनगटाला पुसलं आणि आपला टॉवेल घेऊन वैशालीसमोर बसली. मगाशी जेवढ्या हलक्या हाताने मलम लावलं होतं, तेवढ्याच जोराने आता तिने ते खरवडून काढलं. चिडली की तिची भाषा विंचूरला जायची. "बास झालं," ती म्हणाली. "लय झालं ह्यांच्या प्रतिमेचं. माझी पोरगी पडायला नाय ठेवली मी." ती 'माझी पोरगी' म्हणाली, ती माझी पोरगी होती, आणि मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही.

चिकटपट्टी लावून बघितली. घामाने तिची वळकटी व्हायची. लांब बाही लावून बघितली, कापड सरकायचं. शेवटी पालकांची सभा झाली. एका बाईंनी समजुतीचा मार्ग काढला. "मॅडम, आपण आयोजकांना सांगू या ना, की वैशालीचं ते गोंदण आहे. आपली परंपरा आहे. ते तुमच्या त्या... कांद्यासारखं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं होतं. मॅडमने मात्र फुटलेल्या ओठाने सुद्धा हसून घेतलं.

"ताई, तिचं बापाने काढून घेतलं, माझं मी. तिच्या वेळी परंपरा आणि माझ्या वेळी चाळे? मला आवडला म्हणून काढलाय मी कांदा. त्याला कुठलीही परंपरा नाही. तिच्या नावासाठी माझा हात वाईट ठरवायचा असेल, तर तसली सूट नको आम्हाला." मग ती मुलींकडे वळली. "गुण कापतील. पदक जाऊ शकतं. मी काही सांगणार नाही, तुम्ही ठरवा." सोन्याच्या पदकाचं वेड सगळ्यांत जास्त सईला होतं, हे मला माहीत होतं. कपाटाच्या दारावर तिने त्याची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. तीच आधी बोलली. "वर मी जाते ना? मग मला वैशालीचा हात पाहिजे. कोरडा."

स्पर्धेच्या दिवशी मॅडम बिनबाह्यांच्या कुडत्यात आली. कांदा, बेडूक, काठ, सगळी मंडळी हजर. एका पंचांनी तिला बाजूला घेऊन शेवटचं बजावलं. ती म्हणाली, "कापा, सर. पण बघून कापा." आणि त्यांनी बघितलं. सईला वैशालीने असं काही वर फेकलं की क्षणभर वाटलं, ही आता छताचा पंखा हातात घेऊनच खाली येणार. आली ती सरळ त्या हातांत, जसं काही तिथेच तिचं अंथरूण होतं. आमचे हे खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, आणि त्यांना खाली बसा म्हणणारे मागचे गृहस्थही उभेच होते.

गुण कापले. कापले नसते तर आम्ही पहिले होतो; आम्ही दुसरे आलो. वैशाली कोपऱ्यात जाऊन रडायला लागली आणि "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत राहिली. मॅडमने तिची हनुवटी वर केली. "माफी कशाची मागते? नाव तुझं आहे. बापाने हरवू नये म्हणून लिहिलंय. ते झाकून उभी राहिली असती तर मी तुला कुठं शोधलं असतं?" वैशालीचे वडील शेजारीच उभे होते, पांढरी टोपी हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दारात गुलाबांची अख्खी पाटी होती.

वर्ष संपलं तेव्हा संस्थेने तिला पुढच्या वर्षासाठी बोलावलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. आम्ही काही पालक सचिवांना भेटलो. त्यांनी चहा दिला, प्रतिमेबद्दल बोलले आणि आम्ही परत आलो. वर्षभर ती गावाकडे अण्णांच्या खळ्यावर आसपासच्या मुलींना शिकवत होती. मग दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरात तिला एका मोठ्या संघाचं काम मिळालं. निघायच्या दिवशी मी तिला बसवर सोडायला गेले. सई एव्हाना पुण्याला इंजिनिअरिंगला होती.

"सई तिकडे चिअरलीडिंग करते का काही?" तिने विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. "वेळ मिळत नाही म्हणते," मी म्हटलं. तिने मान हलवली. बॅग वर टाकली, खिडकीशी बसली. "तिला सांगू नका मी जातेय ते," ती म्हणाली. "परीक्षा आहे ना तिची? उगीच येईल धावत." बस हलली तसा तिने हात बाहेर काढला, आणि वळणापर्यंत तो मला दिसत राहिला.

परीक्षा संपल्यावर मी सईला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "सांगायचंस ना गं, आई. पेपर सोडून आले असते मी."